सड्याच्या पोटात : पेडण्याच्या जांभ्याचा इतिहास

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासावर एक तरी लेख असतो. राजघराणी, किल्ले, देवस्थाने, गोवा मुक्तिलढा हे विषय आजवर पुष्कळ झाले. यंदा आम्ही जरा खाली, अगदी पायाखाली पाहायचे ठरवले आहे.

पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी या भागांतून बाहेर पडून स्थिरावलेली कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. कुणाच्या तीन पिढ्या बाहेर गेल्या, कुणाच्या चार. तरी गावच्या घराचा विषय निघाला की डोळ्यांपुढे आधी तांबडा चिराच येतो. घराच्या भिंती चिऱ्याच्या, विहिरीचा काठ चिऱ्याचा, तुळशीवृंदावन चिऱ्याचे, कुंपणाचा गडगा जांभ्याच्या धोंड्यांचा, आणि चतुर्थीच्या पावसात पायांना लागणारी मातीसुद्धा तांबडीच. या दगडाला आणि मातीला स्वतःचा इतिहास आहे. सावंत-भोसले आणि पोर्तुगीज यांच्यापेक्षाच काय, मनुष्यजातीपेक्षाही तो जुना आहे. गेल्या तीस वर्षांत पेडण्यात रेल्वे आली, विमानतळ आला, आणि हा इतिहास पुस्तकातला न राहता रोजच्या व्यवहारातला झाला. म्हणून तो आपण नीट समजून घेतला पाहिजे असे आम्हाला वाटते.

पेडणे हा गोव्याचा अगदी उत्तरेकडचा तालुका. उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा, पश्चिमेला केरी, हरमल, मांद्रे, मोरजी यांचा समुद्रकिनारा. किनाऱ्यापासून आत वळले की जमीन चढू लागते आणि वर गेल्यावर एकदम सपाट होते. हा सपाट माथा म्हणजे सडा. वरून पाहिले तर उघडा कातळ, मधूनमधून खुरटी झुडपे आणि पावसाळ्यात गवत. सड्याच्या उतारावर काजू आणि रान. पायथ्याशी झरे आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली माडा-पोफळीची कुळागरे. त्याखाली भातशेती, आणि खाडीच्या काठाने बांध घालून राखलेली खाजने. वरपासून खालपर्यंतची ही सारी उतरंड एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे सड्याचा जांभा.

या दगडाला इंग्रजीत जे नाव मिळाले त्याची कथाही दक्षिण हिंदुस्थानातलीच आहे. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडल्यानंतर कंपनी सरकारने फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरला म्हैसूर, कानडा आणि मलबार या मुलखांची पाहणी करायला पाठवले. १८०० आणि १८०१ या दोन वर्षांत तो हिंडला. मलबारात अंगाडिपुरम येथे त्याने लोकांना जमिनीतून तांबडा, भोकाभोकांचा मऊ दगड कापून काढताना पाहिले. खाणीत असताना तो सहज कापला जाई आणि हवा लागल्यावर विटेसारखा टणक होई. तिथले लोक त्याला विटेचा दगड याच अर्थाच्या नावाने ओळखत. लॅटिन भाषेत विटेला 'लाटेर' म्हणतात. त्यावरून बुकॅननने 'लॅटराइट' असे नाव सुचवले. त्याचा प्रवासवृत्तान्त १८०७ मध्ये लंडनला तीन खंडांत छापला गेला आणि हे नाव जगभर गेले. अंगाडिपुरमची ती जागा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. म्हणजे शास्त्राने हे नाव खाणीत राबणाऱ्या माणसांच्या तोंडूनच उचलले. आपल्याकडे जांभा आणि चिरा हे शब्द होतेच. फक्त ते टिपून घ्यायला कुणी डॉक्टर आला नाही.

आता हा जांभा तयार कसा होतो ते पाहू. पुष्कळांना वाटते की बसाल्ट किंवा ग्रॅनाइट यांच्यासारखाच हाही एक मूळचा खडक असावा. तसे नाही. जांभा हा दुसऱ्या खडकाचा उरलेला अंश आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे पाणी झाडांच्या मुळांमधून आणि कुजलेल्या पाल्यातून खाली जाताना किंचित आंबट होते. असे पाणी खडकातील खनिजे हळूहळू फोडते. आधी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही सहज विरघळणारी द्रव्ये धुऊन जातात. मागाहून, फार सावकाश, सिलिका म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्यही निघून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र हवेशीर पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती मागे उरतात आणि साठत जातात. लोखंडाला गंज चढतो तसाच या लोहाला चढतो, आणि जांभ्याचा तांबडा-पिवळा रंग त्या गंजाचाच आहे.

पण नुसता पाऊस पुरत नाही. पावसाळ्यामागून तितकाच कडक उन्हाळाही लागतो. पावसात जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते आणि हवा कोंडल्यामुळे थोडे लोह विरघळून हलते. उन्हाळ्यात पातळी उतरते, हवा आत शिरते आणि तेच लोह पुन्हा गंज होऊन जागच्या जागी घट्ट बसते. हे चढणे-उतरणे लक्षावधी वेळा झाले की मातीचे कण लोहाने सांधले जाऊन वर कठीण कवच तयार होते. मधली मऊ माती पाण्याबरोबर निघून जाते आणि जांभ्याची ती ओळखीची भोके राहतात.

या कवचाखाली काय असते, ही गोष्ट आमच्या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. वरून खाली खणत गेलो तर आधी टणक जांभा लागतो. त्याखाली तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ थर येतो. त्याच्याही खाली पांढरट किंवा गुलाबी चिकणमाती असते. हिच्यातले बरेचसे लोह निघून गेलेले असते आणि चिनी मातीच्या जातीचे खनिज उरलेले असते. सर्वांत खाली अर्धवट कुजलेला आणि मग मूळचा पक्का खडक. म्हणजे सडा हा वरून कठीण आणि पोटात मऊ आहे. फणसाची उपमा इथे चपखल बसते.

असा जांभा उतारावर नीट तयार होत नाही, कारण तिथे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि माती घेऊन जाते. त्याला सपाट, सखल जमीन लागते. मग आज तो डोंगरमाथ्यावर का दिसतो? कारण एके काळी तो माथा नव्हता. ती सखल भूमीच होती. पुढे जमीन उचलली गेली, नद्यांनी आजूबाजूचा मऊ भाग खणून नेला, आणि कवचामुळे टिकलेला भाग उंच राहिला. मोपाच्या सड्यावर उभे राहिलो म्हणजे आपण एका फार जुन्या सपाटीवर उभे असतो. तेरेखोल आणि शापोरा यांची आजची खोरी तिच्याहून लहान वयाची आहेत. या साऱ्याचा काळ कोटी वर्षांच्या हिशेबात मोजावा लागतो. म्हणूनच एकदा काढलेला चिरा माणसाच्या हिशेबात पुन्हा तयार होत नाही.

तेरेखोल नदीने दोन राज्यांची सीमा आखली आहे, पण जांभ्याला ती ठाऊक नाही. आरोंदा, सातार्डा, बांदा इकडचा सडा आणि पेडण्याचा सडा एकच. राजकीय इतिहासही बराच काळ एकच होता. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होते. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेली आणि पेडणे १७८८ मध्ये. या महालांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. तोवर जुन्या काबिजादीतील धर्मांतराचा जोर ओसरलेला होता, त्यामुळे इथली देवळे आणि मराठी शिक्षणाची परंपरा टिकून राहिली.

माणसाने या दगडाशी नाते कधी जोडले? सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळावर प्राण्यांची, माणसांची आणि चक्रव्यूहाची चित्रे कोरलेली आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेत आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कातळशिल्पे आणि हे ठिकाण मिळून २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. डिचोली तालुक्यात हरवळे येथील लेणी जांभ्यातच कोरलेली आहेत. ती साधारण सहाव्या-सातव्या शतकातील मानतात. अजिंठा-वेरूळसारखे बारीक नक्षीकाम तिथे शोधू नये. भोकाभोकांच्या दगडावर नाक-डोळे उठत नाहीत. जांभ्यात काम ठोकळ आणि साधेच होते, आणि आपल्या देवळांवर चुन्याचा गिलावा आला तोही याच कारणाने.

किल्ल्यांचेही तसेच. शापोरेच्या काठचा हळर्णचा किल्ला आणि तेरेखोलच्या मुखावरचा तेरेखोलचा किल्ला दोन्ही जांभ्याचे. १७४६ च्या मोहिमेत पोर्तुगीज व्हाइसरॉयने ते सावंतांकडून घेतले, आणि पुढे त्याला 'हळर्णचा मार्क्विस' असा किताब मिळाला. आपल्या एका लहानशा गावाचे नाव असे लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटले. तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला, हे आपल्यातील जुन्या मंडळींना सांगायला नकोच.

जांभ्याचे बळ आणि त्याची उणीव एकत्र पाहायची असेल तर जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चकडे पाहावे. १६०५ मध्ये ते पूर्ण झाले. साडेतीन शतके त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात दगड उघडा दिसावा म्हणून तो काढला गेला. तेव्हापासून पाऊस थेट दगडाच्या भोकांत शिरतो आणि भिंती झिजतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी चिऱ्याच्या घराला गिलावा केला, ओटीवर छपराची लांब पाखी काढली आणि पावसाच्या आधी झडी बांधल्या. हा सारा खटाटोप शोभेसाठी नव्हता. जांभा उघड्यावर टणक होतो, पण सतत पाणी मारले तर झिजतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

शेतीचा विचार केला तर ही माती गरीबच म्हणायची. पिकाला लागणारी द्रव्ये पावसाने आधीच धुऊन नेलेली, आणि घातलेले स्फुरद लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतात. मृदाशास्त्रात अशा पूर्ण झिजलेल्या मातीला 'ऑक्सिसॉल' असे नाव आहे. गोव्याची सगळीच तांबडी माती त्या काटेकोर व्याख्येत बसत नाही, पण नात्याने ती त्याच कुळातली. ॲमेझॉन आणि काँगो यांच्या खोऱ्यांत अशा माती फार मोठ्या प्रदेशावर आहेत. तिथले घनदाट अरण्य पाहून जमीन सुपीक असावी असे वाटते. पण ते अरण्य स्वतःच्याच पाल्यावर जगत असते. झाडे तोडली की काही वर्षांत जमीन रिती होते. आपल्याकडे डोंगरउतारावर कुमेरी करणारे एक-दोन पिके घेऊन जमीन सोडून देत आणि रान पुन्हा वाढू देत, त्यामागचे कारण हेच. पावसावरच्या वरकस जमिनीला, म्हणजे मोरडीला, नाचणी आणि वरी पुरे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला आणि तो या गरीब मातीत असा रुजला की आज पेडण्याचा उतार काजूशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. काजूचे मूळ घरही अशाच झिजलेल्या मातीच्या देशातले, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

डिचोलीत याच झिजेने वेगळे फळ दिले. तिथे मुळातच लोहाचे आणि सिलिकेचे पट्टे असलेला अतिप्राचीन खडक आहे. भूवैज्ञानिक त्या थरसमूहाला 'डिचोली' असेच नाव देतात. पावसाने त्यातील सिलिका नेली आणि लोहखनिज उरले. १९४७ च्या सुमारास त्याची निर्यात सुरू झाली आणि पुढे गोव्याचे सारे अर्थकारण तिच्याभोवती फिरू लागले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक घेतलेल्या कित्येक घरांनी तेव्हा काय सोसले ते आपल्या नात्यागोत्यातून आपण ऐकले आहे. कोट्यवधी वर्षांची पुंजी दोन-तीन पिढ्यांत खर्चाला काढली की असे चढउतार येणारच.

पेडण्याची पुंजी मात्र लोहाची नाही. ती पाण्याची आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून खाली उतरतो. खालच्या चिकणमातीतून तो सहज पुढे जाऊ शकत नाही. मग तो तिच्यावरच साठतो आणि हळूहळू बाजूला सरकत उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. पाऊस थांबल्यावरही कित्येक महिने हे झरे वाहतात. मोपाच्या सड्याच्या आसपास नागझर नावाचे गावच आहे. त्या नावातला 'झर' उगाच आलेला नाही. वर ओसाड दिसणारा कातळ हा खालच्या कुळागरांचा, विहिरींचा आणि भातशेतीचा हौद आहे.

याच पोटातल्या ओल्या मातीने कोकण रेल्वेला पेडण्यात अडवले. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सह्याद्रीचे कठीण खडक फोडून बोगदे झाले. खरा त्रास झाला तो मऊ जमिनीतील नऊ बोगद्यांचा, आणि त्यांत पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा सर्वांत हट्टी निघाला. सुरुंग लावायला खडक नव्हता आणि यंत्र चालवायला घट्ट जमीन नव्हती. पाण्याने फुगलेली चिकणमाती हाताने थोडी थोडी काढायची, लगेच आधार द्यायचा, आणि तरीही वरून ती पुन्हा कोसळायची. मऊ जमिनीतील बोगद्यांनी चार वर्षे आणि १९ जीव घेतले. सबंध रेल्वेमार्गाच्या कामात ७४ माणसे गेली. दोन्ही बाजूंनी रूळ येऊन थांबले होते आणि मधला तुकडा राहिला होता. अखेर २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. आज चतुर्थीला आपण रात्री गाडीत बसून सकाळी पेडण्याला उतरतो, त्यामागे ही किंमत आहे.

माती तेवढ्यावर गप्प बसलेली नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या मिरज-लोंढामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला व पुन्हा वाहतूक ठप्प झाली. यात कुणा अभियंत्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. सड्याच्या पोटात दर पावसाळ्यात पाणी येते आणि ते वाट शोधते. बोगद्याने त्याला एक नवी वाट दाखवली, एवढेच.

दुसरा प्रसंग मोप्याचा. सड्यावर विमानतळ करायचे ठरले तेव्हा ही जमीन पडीक आहे, असे पुष्कळदा बोलले गेले. पर्यावरण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने परवानगी स्थगित केली आणि फेरविचार करायला सांगितले. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ ला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. विमानतळामुळे आपल्याला गाव जवळ आले, हे खरे. कामे मिळाली, रस्ते झाले, जमिनींचे भाव चढले. विमानतळ नको होता असे म्हणायला आता अर्थ नाही आणि तसे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या मागोमाग आजूबाजूच्या सड्यांवर आणि उतारांवर वसाहती, हॉटेले, रस्ते यांसाठी जे खणणे आणि कापणे होते, त्याबद्दल बोललेच पाहिजे. कवच फोडले की पाऊस थेट खालच्या मातीवर येतो. उतार उभा कापला की ती माती सरकते. वर सिमेंट घातले की पाणी मुरतच नाही. पावसात ते पूर होऊन येते आणि मार्चमध्ये झरा आटतो. गोव्याच्या नगर नियोजन कायद्यात डोंगरकापणीला परवानगी सक्तीची करणारे कलम १७ अ आहे, ते या कारणानेच आवश्यक आहे.

आणि इथे आपला, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांचा संबंध येतो. सड्यावरची आणि उतारावरची कितीतरी जमीन आजही आपल्यासारख्या कुटुंबांच्या सामाईक नावावर आहे. सात-बाऱ्याच्या उताऱ्याला गोव्यात 'एक-चौदा' म्हणतात. त्यावर आजोबांचे नाव असते, चुलत भावंडे चार शहरांत असतात आणि दलालाचा फोन येतो. 'नुसता कातळच आहे, काही पिकत नाही, काढून टाका' असे तो सांगतो. वाचकहो, कातळावर काही पिकत नाही हे खरे, पण त्याच्या खाली जे पिकते ते त्याच्यामुळे पिकते. जमीन विकावी की राखावी हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे एवढेच, की सही करण्याआधी त्या सड्याखालचा झरा कुणाच्या विहिरीला जातो, एवढे गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. चिऱ्याची जुनी खाण आपल्या जमिनीत असेल तर ती कचऱ्याने भरू देऊ नये. पाणी साठवायला तिच्यासारखी जागा नाही. जुने घर दुरुस्त करताना चिरा उघडा टाकू नये, आणि पाडावेच लागले तर चिरे जपून काढावेत. ते पुन्हा वापरता येतात, नवे मात्र तयार होत नाहीत.

गणपतीच्या दिवसांत तर हे सारे आपल्या घरात येऊनच बसते. गोव्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर २००८ पासून बंदी आहे आणि मूर्ती घडते ती चिकणमातीची. झिजलेल्या डोंगरांनी खाली पाठवलेल्या मातीची. देवावर बांधायच्या माटोळीत सड्यावरची 'हरणां'ची पिवळी फुले आणि उतारावरच्या रानातली फळे लागतात. मूर्तीचे विसर्जन झाले की ती माती पुन्हा पाण्याबरोबर तिच्या वाटेने जाते. वर्षाच्या वर्षाला एवढे देणारा सडा आपण पुढच्या पिढीच्या माटोळीसाठीही राखून ठेवू या, हीच श्रीचरणी प्रार्थना.